डावं पान, उजवं पान

लगनसराई जवळ आली की माझ्या दुकानात आधी पिशव्यांचा आवाज येतो. बँड नंतर वाजतो, मांडव नंतर पडतो. आधी दुपारच्या उन्हातून डोक्यावर पदर घेतलेल्या बाया येतात आणि टेबलावर पिशव्या उलट्या करतात. ब्लाऊजपीस, अस्तर, लेसचा गुंडाळा आणि मापासाठी आणलेला एक जुना ब्लाऊज, ज्याच्या बाहीला अजून घामाचा वास असतो. बाहेर तिरोड्याच्या बाजारात मोहफुलांचा आंबूस-गोड वास पसरलेला असतो. कुणाच्या तरी अंगणात ती वाळत घातलेली असतात. यंदाही तसंच झालं. पहिली बाई आली, पिशवी ओतली आणि विचारलं, कधी देता? या ऋतूचा एक थकवा आहे, तो काम सुरू होण्याआधीच येतो. आधी गुडघ्यात येतो, मग डोळ्यांच्या मागे. मी डायरी काढली, बोट फिरवलं आणि तारीख सांगितली. बाई म्हणाली, थोडं आधी नाही होत का? मी म्हटलं, नाही होत.

हे "नाही होत" मला जन्मजात येत नव्हतं. आमच्या घरात तर ते कुणालाच येत नव्हतं.

दुकान मुळात मनोहरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा गळ्यात टेप टाकून तो पायमशीनवर बसलेला असे. कापड नुसतं हाताने चाचपलं तरी ते अंगावर कसं पडेल हे त्याला कळायचं. तारखा मात्र त्याने कधी लिहिल्या नाहीत. येईल त्याला तो "परवा" म्हणायचा. परवा आलेल्या माणसाला चहा पाजायचा आणि पुन्हा "परवा" म्हणायचा. लोक चिडायचे, हिंदीत दोन शब्द सुनावायचे, पण दुसरीकडे जायचे नाहीत. त्याने शिवलेला कपडा अंगावर बसायचा. मी त्याच्या बाजूला बसून आधी काज-बटण शिकले, मग हातशिलाई, मग ब्लाऊज. कटिंग तो करायचा, शिलाई आम्ही वाटून घ्यायचो. मला वाटायचं, असंच चालणार.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमनाचे दिवस. एका हिवाळ्यात मनोहरला खोकला लागला आणि तो थंडी सरली तरी गेला नाही. गालाची हाडं दिसायला लागली, संध्याकाळी अंग तापायला लागलं. गोंदियाला नेऊन छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. सरकारी दवाखान्यात एक दिवसाआड जायचं, तिथल्या सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या, परत यायचं. डॉक्टर म्हणाले, काही महिने कापडाच्या धुळीत बसायचं नाही, मशीन मारायची नाही, हवेत झोपायचं आणि पोटभर खायचं. मुलीला मी माझ्या भावाकडे पाठवून दिलं. मनोहरची खाट मागच्या पडवीत टाकली. आणि पुढे दुकानात येऊन बघितलं तर भिंतीच्या फळीवर पिशव्यांचा ढीग होता. कुणाचं कापड, काय शिवायचं, लग्न कधी, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस मागे तापात पडला होता.

मी एकेक पिशवी घेऊन पडवीत जायची. खाटेजवळ बसून विचारायची, हे कुणाचं? तो डोळे न उघडता कापड चाचपायचा आणि सांगायचा. ही अमक्याची सून, हिच्या भावाचं लग्न, गळा मागून खोल. हे वडेगाववाल्या मास्तरणीचं, बाह्या लांब. कधी द्यायचं विचारलं की कापडावरून हात काढून घ्यायचा. मग मलाच घरोघर जाऊन लग्नाच्या तारखा विचाराव्या लागल्या. लोकांना वाटलं, मी आमंत्रण मागायला आले.

डायरी घरात होती. खताच्या दुकानातून नवीन वर्षाला मिळालेली, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक तारखेला एक पान. बचत गटाच्या प्रशिक्षणात एका मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं की डाव्या पानावर उद्या काय करायचं ते तासातासाने लिहायचं आणि उजव्या पानावर दिवसभरात खरोखर काय झालं ते. रोज दोन्ही पानं समोरासमोर ठेवून बघायची. तेव्हा आम्ही बाया एकमेकींकडे बघून हसलो होतो. चूल, पाणी, पोरं, यात लिहायचं काय? त्या लगनसराईत मात्र मी पहिल्यांदा पट्टीने रेघा मारल्या, छापील तारखा खोडून दोन पानांचा एक दिवस केला आणि लिहायला बसले.

पहिला आठवडा मी स्वतःवर खूश होते. सगळा ढीग कागदावर उतरला होता. पहाटे कटिंग, कारण तेव्हा हात थंड असतो आणि खडू घामाने पुसत नाही. सकाळी शिलाई. दुपारी हातशिलाई. लाइटची वेळ लाल पेनने लिहायची, कारण पायमशीन चालायला लाइट लागत नाही, पण पिकोला लागते, इस्त्रीला लागते, आणि एप्रिलच्या दुपारी पंख्यालाही लागते. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि अधूनमधून बदलायचं. बदललं की माझी लाल शाई खोडली जायची, सगळी कामं इकडची तिकडे सरकायची. मग कधी वेळ नसताना लाइट यायची आणि मी हातातली सुई टाकून पिकोच्या मशीनकडे पळायची. चार फॉल होतात न होतात तोच पंखा मंदावत जाऊन थांबायचा. पंखा थांबल्यानंतरची ती शांतता अजून कानात आहे. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांतून एकदम आवाज निघून जायचा आणि दूर राइस मिलचा भोंगा तेवढा उरायचा.

उजवं पान लिहायचा मला कंटाळा यायचा. दिवस संपलेला असायचा, बोटं सुईने सोलवटलेली असायची, आणि परत बसून दिवस उगाळायचा. तरी लिहिलं. डाव्या पानावर असायचं: दोन ब्लाऊज, एक परकर, सहा फॉल. उजव्या पानावर असायचं: दवाखाना. हँडपंपावर रांग. अंडी आणली. मनोहरला ताप. मनोहरला बघायला त्याची आत्या आली, चहा. मनोहरची चादर धुतली. अर्धा ब्लाऊज. असे काही दिवस गेल्यावर पानं उलटताना माझ्या ध्यानात आलं की डाव्या पानावर मनोहर नव्हताच. उजव्या पानावर बहुतेक तोच होता. मी दिवस आखत होते तो जणू घरात कुणी आजारी नसलेल्या बाईचा दिवस होता, आणि रोज संध्याकाळी तो दिवस पुरा झाला नाही म्हणून स्वतःवर चिडत होते.

मग मी त्याला डाव्या पानावर घेतलं. सकाळी दवाखाना, दुपारी अंडं आणि भात, संध्याकाळी अंग पुसणं. कामं निम्मी केली. आणि खरं सांगायचं तर दिवस पहिल्यांदा ओळीला लागला. संध्याकाळी दोन्ही पानं जवळजवळ सारखी दिसायला लागली. मला थोडा श्वास मिळाला.

एक दिवस मी पाणी भरून आले तर मनोहर पडवीतून उठून दुकानात आला होता. टेबलावरची डायरी त्याच्या हातात होती. त्याने ती माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मले कामात लिहून राहिली का तू?"

मी घागर खाली ठेवली. त्याच्या बोटाखाली "मनोहर, अंग पुसणे" असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या वरच्या ओळीत "फॉल, चार". मी म्हटलं, "लिहिलं नाही तर वेळ कुठून काढू?"

तो डायरी जागेवर ठेवून मागे गेला. त्या संध्याकाळी मी पाणी कोमट करून नेलं तर म्हणाला, मी पुसतो, तू तुझं काम कर. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मला आधी जे जाणवलं ते हे की अर्धा तास मोकळा झाला. दमलेल्या माणसाचं मन असंच चालतं. त्या दिवसांत माया, राग, दया सगळं आधी वेळेच्या मापात यायचं आणि मग त्याला नाव मिळायचं.

माझी मुलगी आता नागपूरला शिकते. ती म्हणते, आई, फोनमध्ये टाक ना सगळं, तो स्वतःच आठवण देतो. मी टाकून बघितलं. फोन वाजतो, मी त्याला गप्प करते, आणि दिवस कुठे गेला ते कळत नाही. कागदावर दिवस दिसतो. त्याला रुंदी असते. अमुक एका ओळीनंतर जागा संपते आणि हात थांबतो. मुलगी हसते. तिच्या वयात मीही हसलेच होते. पण तिला मी एवढंच सांगते की आखणी केल्याने काम कमी होत नाही. किती होणार नाही हे फक्त आदल्या दिवशी कळतं.

त्या वर्षी वैशाखाच्या तोंडावर गावात कुजबूज सुरू झाली. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, विचारलं तर अशक्तपणा म्हणायचो. पण एक दिवसाआड तो त्याच खिडकीसमोर उभा राहायचा, आणि ती खिडकी कशाची हे सगळ्यांना माहीत होतं. एक बाई आली आणि म्हणाली, बहिणीने शिवायला मागितलं, कापड परत द्या. दुसरीने सांगितलं, लग्न पुढे गेलं. तिसरीने पिशवी उचलली, पदराने नाक झाकलं आणि गेली. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की गोळ्या नेमाने घेतल्यावर आता याच्यापासून कुणाला लागायचं भय नाही. पण हे मी कुणाकुणाला सांगत बसणार? मी त्यांच्या ओळी खोडल्या. दोन दिवस डायरी हलकी झाली. ते हलकेपण मला नको होतं, पण अंगाला मात्र ते हवं होतं, हेही खोटं नाही.

पडवीतून मनोहरला सगळं ऐकू यायचं. पिशवी परत गेली की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. खायचा नाही. मी ताट परत आणायची आणि उजव्या पानावर लिहायची: जेवला नाही.

अशातच धनपाल आला. धनपाल मनोहरचा शाळेपासूनचा मित्र. बोदलकसाच्या अलीकडच्या एका खेड्यात त्याची शेती. मी दवाखान्यातून मनोहरच्या गोळ्यांबद्दल काहीतरी विचारून परत येत होते तेव्हा तो सायकलला पाय लावून निघतच होता. मला म्हणाला, वहिनी, आमच्या पोरीचं, करुणाचं लगन ठरलं, येजो बरं दोघंही. आणि गेला. आत आले तर टेबलावर दोन मोठ्या पिशव्या. एकीत घरच्या बायांचे ब्लाऊज, पोरींचे फ्रॉक. दुसरीत नुसतं पांढरं. नवरीची पांढरी साडी आणि तिच्यावरचा पांढरा ब्लाऊजपीस. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते.

मी पडवीत गेले. मनोहर खाटेवर बसला होता, आणि बऱ्याच दिवसांनी सरळ बसला होता. मी विचारलं, हे कधी घेतलं? तो म्हणाला, आताच. मी डायरी उघडून त्याच्यापुढे धरली. लग्नाच्या तारखेपर्यंतची पानं भरलेली होती. मी म्हटलं, बघा, कुठे बसवू हे? मला विचारायचं तरी. मी एक बाई आहे, दोन हात आहेत. पहाटे उठते ते रात्री पाठ टेकेपर्यंत खाली बसत नाही. तुम्ही पुन्हा तेच "परवा" चालू केलं. मी बराच वेळ बोलत राहिले. आवाज वाढवला नव्हता, तेवढी ताकदच नव्हती.

त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "त्याले माहीत आहे मले का झालं ते. मीच सांगतलं. तरी पोरीचा ब्लाऊज माझ्या घरी घेऊन आला. त्याले नाही म्हणू का मी?"

मी डायरी मिटली. मशीनवर जाऊन बसले. पण शिवलं नाही, नुसतं पायाने चाक हलवत राहिले.

संध्याकाळी मी ती डायरी पुन्हा उघडली. जागा करायची तर काहीतरी काढावं लागणार होतं. लोकांच्या तारखा काढता येत नव्हत्या, दवाखाना काढता येत नव्हता. दुपारच्या जेवणानंतर मी माझ्यासाठी एक ओळ ठेवायची, "आराम". ती प्रत्येक पानावरून खोडत गेले आणि तिथे धनपालचं नाव लिहीत गेले. मनोहर दारात उभा राहून बघत होता. तो आत आला, डायरी स्वतःकडे ओढली, आणि जिथे जिथे "हातशिलाई" लिहिलं होतं तिथे आपलं नाव घातलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. तो म्हणाला, मशीन नको म्हटलं, सुई नको नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारून आलो. बसून, थोडं थोडं, दमला की थांबायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. पडवीच्या उंबऱ्यात, वाऱ्याला, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून बसलेला मनोहर, मांडीवर कुणाचा तरी ब्लाऊज. त्याचे टाके आधी लांब-आखूड पडायचे, मग हळूहळू सारखे झाले. कुत्र्यांनी उन्हाला घाबरून आमच्या पायरीखाली घेतलेली जागा. पाण्यात भिजवून दारावर टाकलेलं पोतं. पांढरं कापड मी पहाटेच काढायची, हात दोनदा धुऊन, मशीनचं तेल दोनदा पुसून, खाली जुनी चादर अंथरून. घामाचा एक थेंब पडला असता तरी डाग दिसला असता. मी कपाळाला फडकं बांधून शिवायची. करुणा मापाला आली होती तेव्हा सडपातळ पोरगी खांदे आवळून उभी राहिली होती. खांद्याचं माप घेताना मी तिला म्हटलं, सैल सोड गं, तशीच राहशील का मांडवात? ती लाजून हसली, पण खांदे काही सुटले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच लाइट गेली. वेळापत्रकात नव्हती, रस्त्यावरचा विजेचा डीपी जळाला होता. पिको सगळा झाला होता हे नशीब, इस्त्री मात्र सगळी उरलेली. बाजाराच्या टोकाला एक म्हातारा कोळशाच्या इस्त्रीने कपडे करायचा. मी रंगीत सगळं त्याच्याकडे नेलं. पांढरं नेलं नाही, कोळशाची ठिणगी उडेल म्हणून. ते मनोहरने ओल्या हाताने सारखं करून, दोन घड्या घालून, उशीखाली स्वच्छ पंच्यात ठेवलं आणि त्यावर दिवसभर डोकं ठेवून पडला. त्या दिवशीचं उजवं पान कोरं आहे. त्यानंतर मी कितीतरी डायऱ्या भरल्या, पण ते पान कोरं ठेवल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काय झालं ते लिहायला माणूस थोडा तरी शिल्लक राहावा लागतो.

लग्न सकाळचं होतं. आम्ही ऑटोने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या पडलेल्या शेताच्या बांध्या, मातीला भेगा. दूर तलावाचं पाणी मागे सरकलेलं, काठावर चिखलाचा पट्टा आणि त्यात बगळे. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या टाकल्या होत्या, त्यामुळे आत हिरवट सावली होती. धनपाल धावत आला. त्याने मनोहरला खांद्याला धरून सगळ्यांच्या मधून पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. काही लोकांनी बघितलं, काहींनी बघून दुसरीकडे बघितलं. धनपालने सगळ्यांसमोर त्याला आपल्या हाताने पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. मनोहरने मान खाली घातली.

मला मागच्या रांगेत एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली. समोरून बाया जात होत्या आणि मला चेहरे दिसतच नव्हते. पाठी दिसत होत्या. हा गळा मंगळवारचा. ही बाही दोनदा उसवली. ही लेस कमी पडली म्हणून आतून जोड दिला. करुणा मैत्रिणींच्या मधून आली ती मला मागूनच दिसली, पांढरी, सरळ. पाठीवरची शिवण बरोबर मध्यावर होती. वंदना सुरू झाली. सगळे उभे राहिले, मीही राहिले, मग सगळे बसले. मांडवाच्या कापडातून गरम वारा येत होता आणि एका सुरातले शब्द कानावर येत होते. तेवढंच.

जाग आली तेव्हा मांडवात माणसं नव्हती. दोन पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. जमिनीवर फुलांच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या आणि बाजूला भांडी घासल्याचा आवाज येत होता. माझ्या मानेखाली कुणीतरी शाल दुमडून ठेवली होती. पायाशी पत्रावळीने झाकलेलं ताट होतं. शेजारच्या खुर्चीवर मनोहर बसला होता आणि पत्रिकेने माझ्यावर वारा घालत होता. वरात गेली होती. करुणा गेली होती. मी विचारलं, मला उठवलं काऊन नाही? तो म्हणाला, धनपाल उठवत होता, मीच नको म्हटलं.

मी सावरून बसले. तोंडाला कोरड पडली होती. मान अवघडली होती, आणि अंगभर एक जड, चांगली सुस्ती होती. सगळं लग्न झालं आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो ब्लाऊज मी समोरून बघितलाच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. मी विचारलं, कसा बसला होता?

मनोहरने वारा घालायचं थांबवलं. मग मला अनेक महिन्यांत ऐकू न आलेल्या आवाजात, दुकानातल्या त्या जुन्या, चिकित्सक आवाजात म्हणाला, "खांद्यात जरा ढिला वाटला. बाकी बरोबर होता."

आणि त्याने ताटावरची पत्रावळ काढून ते माझ्यापुढे सरकवलं.